पाझर तलावाची साठवण: तीन पद्धतींचे तीन आकडे, मग खरा कोणता?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल.

गावच्या जुन्या पाझर तलावातला गाळ काढायचा आहे. त्याआधी आजची साठवण क्षमता किती, हे तुम्हाला काढायचंय. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजून बिंदूची जागा व उंची देणाऱ्या यंत्राने) बांधाला समांतर, दर ३० मीटरवर एक असे क्रॉस सेक्शन, म्हणजे मोजमापाच्या आडव्या ओळी, घेतले, प्रत्येक सेक्शनवर ५ मीटरला एक बिंदू. बांधाच्या फक्त माथ्यावरचे बिंदू घेतले. बुडीत क्षेत्र साधारण २ हेक्टर, एकूण बिंदू दीडशेच्या आसपास. पूर्ण संचय पातळी (तलाव काठोकाठ भरल्यावरची पाण्याची पातळी) ५४६.०० मीटर धरून त्रिकोणांच्या जाळ्याने, म्हणजे टीआयएनने, ४१,३०० घनमीटर आले. आयडीडब्ल्यू (अंतराच्या व्यस्त प्रमाणात वजन देणारी पद्धत) वापरून ३६,८०० आणि क्रिगिंग या सांख्यिकी पद्धतीने ३९,९००. आयडीडब्ल्यूच्या नकाशात कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, गोल गोल येतात हेही तुम्ही लिहिलंय. अंदाजपत्रकात कुठला आकडा टाकायचा, हा प्रश्न. आणि जाता जाता विचारलंय की गावातल्या बारवेचं स्कॅन केलंय, त्यालाही हीच पद्धत चालेल का.

थेट उत्तर: तिन्हींपैकी टीआयएनचा आकडा सर्वांत जवळचा आहे, पण माझ्या अंदाजाने तिन्ही कमी आहेत. सॉफ्टवेअर बदलून हा फरक जाणार नाही. तुम्ही जिथे प्रिझमची काठी धरलीच नाही तिथे तो दडलेला आहे.

तिन्ही पद्धतींचं काम एकच: जिथे मोजलं नाही तिथली उंची शेजारच्या मोजलेल्या उंचींवरून ठरवणं. फरक आहे तो ‘शेजारी कोण’ आणि ‘कोणाचं किती ऐकायचं’ यात. आयडीडब्ल्यू (शेपर्डने १९६८ मध्ये मांडलेली पद्धत) म्हणते, जवळच्याचं जास्त ऐका, लांबच्याचं कमी. वजन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. ऐकायला अगदी रास्त. पण क्रॉस सेक्शनसारख्या ओळीतल्या बिंदूंवर ती काय करते ते एकदा कागदावर करून बघा.

समजा तलावातून जुन्या नाल्याचं पात्र जातंय, ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल. काठाची पातळी ५४४.८०, पात्राचा तळ ५४३.३०. प्रत्येक सेक्शनवर पात्रात एकच बिंदू पडला, बाकीचे काठावर. आता दोन सेक्शनच्या बरोबर मध्ये, पात्राच्या मधोमध उभे राहा. दोन्हीकडच्या ओळी १५ मीटरवर. प्रत्येक ओळीतले जवळचे पाच बिंदू घेतले तर अंतरांचे वर्ग येतात २२५ (पात्रातला), २५० (दोन), ३२५ (दोन). वजनं काढली तर पात्रातल्या बिंदूचा वाटा भरतो जेमतेम २४ टक्के. म्हणजे दीड मीटरच्या खोलीतली फक्त ३६ सेंटिमीटर त्या जागी उतरते. सॉफ्टवेअर तिथे ५४४.४४ लिहितं, जमीन प्रत्यक्षात ५४३.३०च्या आसपास आहे. सलग नाल्याऐवजी दर ३० मीटरवर एक डबकं आणि मध्ये उंचवटा असं चित्र येतं. तुम्ही म्हणालात ना, कंटूर पाण्यात खडा टाकल्यासारखे गोल गोल येतात, त्याचं कारण हेच. ही पद्धत प्रत्येक मोजलेल्या बिंदूपाशी उतार शून्य करते आणि मोजलेल्यापेक्षा खोल किंवा उंच काही दाखवूच शकत नाही.

एक गंमत मात्र लक्षात घ्या. याच गणिताने पात्राच्या दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंतची जमीन २५ ते ३२ सेंटिमीटर खाली जाते. नाला बुजला आणि काठ खचले. घनमीटरच्या हिशेबात फिटाफिट होते, उलट थोडं जास्तच खणलं जातं. म्हणून नकाशा वाईट दिसतो एवढ्यावरून आकारमानही कमीच येणार असं समजू नका. तुमची फाईल न बघता सांगतोय, पण आयडीडब्ल्यूमधली तूट बहुधा कडेची आहे: शोधत्रिज्या (किती अंतरापर्यंतचे बिंदू धरायचे ती मर्यादा) मोठी असल्यामुळे बांधाच्या माथ्याचे आणि भोवतालच्या चढावरचे उंच बिंदू आतल्या तळाला वर ओढतात. त्रिज्या लहान करून परत चालवून बघा, आकडा हलला तर हेच कारण.

आता त्रिकोणांची पद्धत. यात सगळे बिंदू त्रिकोणांनी जोडतात आणि प्रत्येक त्रिकोण हा सपाट तुकडा मानतात. कुठले तीन बिंदू जोडायचे याचा नियम देलोनेचा, १९३४ सालचा: त्रिकोणाच्या परिवर्तुळात चौथा बिंदू येता कामा नये. त्यामुळे शक्य तितके भरीव त्रिकोण मिळतात, लांबुडक्या चिंचोळ्या फाकी टळतात. आकारमान काढायला ही फार सोयीची: त्रिकोणाचं क्षेत्रफळ गुणिले तिन्ही कोपऱ्यांच्या खोलीची सरासरी, आणि सगळ्यांची बेरीज. जिथे त्रिकोण पाण्याच्या रेषेने कापला जातो तिथे तेवढाच भाग घ्यायचा, सॉफ्टवेअर ते करतं. मधे ग्रिड (चौकोनांची जाळी) नाही, त्यामुळे ‘सेल, म्हणजे एक चौकोन, १ मीटरचा ठेवू की ५चा’ ही डोकेदुखी नाही.

पण देलोनेला नाला कळत नाही. त्याला फक्त बिंदूंचं अंतर कळतं. नाला तिरका जात असेल, एका सेक्शनवर पात्र मधोमध आणि पुढच्या सेक्शनवर १२ मीटर डावीकडे, तर तो पात्राला पात्र जोडणार नाही. समोरच्या काठाला जोडेल. झाला नाल्यात मातीचा बंधारा तयार, जो जमिनीवर नाहीच. यावर इलाज एकच, ब्रेकलाइन. पात्राचा तळ, दोन्ही काठ, बांधाचा माथा आणि पायथा यांच्या रेषा आखून सॉफ्टवेअरला सांगायचं की या रेषेवरून त्रिकोणाची कडा गेलीच पाहिजे, कुठलाही त्रिकोण ही रेषा ओलांडणार नाही. सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेकलाइन आहेच. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या टीआयएन इंटरपोलेशनमध्येही (मधल्या उंची भरून काढण्याच्या सोयीतही) रेषांचा थर स्ट्रक्चर लाइन किंवा ब्रेकलाइन म्हणून देता येतो. दिल्यावर त्रिकोणांची जाळी डोळ्यांनी बघा, कडा खरंच रेषेवर बसल्या का. ‘दिलंय म्हणजे घेतलंच असेल’ यावर जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लांबण लावलं. तुम्ही लिहिलंय, ‘बांधाच्या फक्त माथ्यावरचे बिंदू घेतले’. तुमच्या सर्वेक्षणातली सगळ्यात महाग ओळ ही आहे.

हिशेब करू. तुमच्याकडचे आकडे कळवले नाहीत म्हणून नेहमीचे धरतो. तुमचे घालून परत करा. बांधापाशी तळ ५४३.००, पूर्ण संचय पातळी ५४६.००, माथा ५४७.५०. पाण्याकडचा उतार एकास अडीच (१ मीटर उंचीला अडीच मीटर आडवं). म्हणजे बांध साडेचार मीटर उंच आणि त्याचा पायथा माथ्याच्या कडेपासून सव्वाअकरा मीटरवर. त्यापुढे पहिल्या सेक्शनपर्यंत, म्हणजे ३० मीटरपर्यंत, तळ जवळपास सपाट. पायथ्याचा बिंदूच नाही, तर त्रिकोण कसे पडणार? माथ्यापासून थेट ३० मीटरवरच्या तळापर्यंत एक लांब घसरगुंडी.

खरी जमीन घेतली तर बांधाच्या दर मीटर लांबीमागे पाण्याचा छेद येतो साडेसदुसष्ट चौरस मीटर: उताराच्या भागात सव्वाअकरा आणि सपाट भागात सव्वाछप्पन्न. घसरगुंडी धरली तर पाणी माथ्यापासून १० मीटरवर सुरू होतं आणि छेद येतो फक्त ३० चौरस मीटर. दर मीटरला साडेसदतीस चौरस मीटर गायब. खोल भागातला बांध ६० मीटर लांब धरला तरी सव्वादोन हजार घनमीटर पाणी कागदावरून उडालं. आणि हे तलावाच्या सर्वांत खोल, सर्वांत उपयोगाच्या भागातलं.

आयडीडब्ल्यू काय, क्रिगिंग काय, पायथा कोणालाच माहीत नाही, त्यामुळे थोड्याफार फरकाने हीच चूक तिन्ही करतात. म्हणून तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले असते तरी ते बरोबर ठरले नसते.

उलट बाजूही सांगायला हवी. पात्रात एकच बिंदू आणि शेजारचे ५ मीटरवर, म्हणून टीआयएन सेक्शनवर १० मीटर रुंद व्ही आकाराचा नाला काढतो: छेद साडेसात चौरस मीटर. खरा आहे ३ गुणिले दीड, साडेचार. २०० मीटर लांबीत सहाशे घनमीटर जास्त धरले गेले. दोन्ही दुरुस्त्या लावल्या तर ४१,३०० अधिक २,२५० वजा ६००, म्हणजे ४३ हजारांच्या आसपास. हा आकडा अंदाजपत्रकात टाकू नका, तो माझ्या गृहीतकांवर उभा आहे. पण उत्तर तुमच्या तिन्ही आकड्यांच्या बाहेर जाऊ शकतं, हे त्यातून दिसतं. तिघांची सरासरी काढण्याचा मोह म्हणूनच टाळा.

क्रिगिंगबद्दल थोडं, कारण ‘ती सर्वांत शास्त्रीय पद्धत आहे’ असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींसाठी १९५१ मध्ये हा विचार सुरू केला, पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातेरॉन यांनी त्याचं रीतसर गणित बसवलं. कल्पना अशी की दोन ठिकाणच्या मूल्यांतला फरक अंतरासोबत कसा वाढत जातो हे आधी तुमच्याच मोजमापांतून शोधायचं (याला व्हेरिओग्राम म्हणतात) आणि मग त्यानुसार वजनं ठरवायची. पद्धत उत्तम आहे, पण ती जी गृहीतकं मागते ती तलावात बसत नाहीत. तिला वाटतं की चढउताराची तऱ्हा सगळीकडे सारखी आहे. तलावात मात्र एका बाजूला माणसाने बांधलेला बांध, मध्ये नाला आणि दोन्हीकडे चढ. शिवाय नाल्याच्या दिशेने जमीन हळू बदलते, आडवी झपाट्याने. हा दिशेचा फरक व्हेरिओग्राममध्ये घालावा लागतो, आधी मोठा उतार वेगळा काढावा लागतो. सर्फरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ सेटिंग क्रिगिंगचं असतं, व्हेरिओग्राम सरळ रेषेचा. बटण दाबून नकाशा आला म्हणजे क्रिगिंग ‘केलं’ असं होत नाही.

त्याच्यासोबत येणारा त्रुटीचा नकाशाही जपून वाचा. तो बिंदू कुठे आहेत आणि व्हेरिओग्राम कसा धरला यावर ठरतो. तिथली जमीन खरोखर किती वेडीवाकडी आहे याचा त्याला पत्ता नसतो. दोन सेक्शनच्या मध्ये जुन्या मुरुमाच्या खाणीचा खड्डा असला तरी तो नकाशा शांतच राहणार.

मग क्रिगिंग वापरायचं कुठे? पाऊस, मातीतले घटक, विहिरींची भूजल पातळी, जिथे कडा-बांध नाहीत आणि मूल्य सावकाश बदलतं. तिथेही आपल्या बेसॉल्टमध्ये डाइक (खडकात घुसलेली कठीण दगडाची उभी भिंत) आडवा आला की दोन्हीकडच्या विहिरी शेजारी असूनही एकमेकींना ओळख दाखवत नाहीत, तेव्हा नुसत्या अंतरावर भरवसा नको.

आकडा तपासायचा कसा, हे कोणी फारसं सांगत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर एकेक बिंदू वगळून बाकीच्यांवरून त्याची उंची काढतात आणि चूक दाखवतात. सेक्शनच्या मोजमापाला ही चाचणी फसवी आहे. वगळलेल्या बिंदूचे सख्खे शेजारी त्याच ओळीत ५ मीटरवर बसलेत, तेव्हा उत्तर बरं येणारच. तुमची खरी अडचण दोन ओळींमधल्या ३० मीटरची आहे. म्हणून अख्खा एक सेक्शन वगळा, बाकीच्यांवरून पृष्ठभाग बनवा आणि वगळलेल्या सेक्शनवर ताडून पाहा. ही कडक परीक्षा होते, कारण मधलं अंतर ६० मीटर होतं. पण कुठली पद्धत कुठे आणि कोणत्या बाजूला घसरते ते लख्ख दिसतं.

त्यातही वर्गमूळ-सरासरी त्रुटीपेक्षा (आरएमएसई, जिच्यात अधिक-उणे चिन्ह हरवतं) साधी सरासरी त्रुटी, चिन्हासकट, बघा. आकारमानाला मारते ती एकाच बाजूची चूक. २ हेक्टरवर सरसकट १० सेंटिमीटरची चूक म्हणजे २,००० घनमीटर. ब्रासमध्ये सांगायचं तर सातशेच्या वर. उलट प्रत्येक बिंदूत ५ सेंटिमीटरची इकडे-तिकडे होणारी चूक दीडशे बिंदूंत जवळजवळ विरघळून जाते, शंभर घनमीटरच्याही आत येते. म्हणून काठी चिखलात दोन बोटं रुतली याची चिंता सोडा. सगळीकडेच रुतली असेल तर मात्र करा.

पुन्हा फील्डवर जाणं जमेल का, हे तुमच्यावर. पाणी उतरलेलं असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. बांधाच्या पाण्याकडच्या पायथ्याने चालत १० मीटरला एक बिंदू घ्या. पिचिंग (उतारावरचं दगडी अस्तर) ढासळलं असेल तर जिथे उतार मोडतो तिथे आणखी एक रेषा. नाल्याचे दोन्ही काठ आणि तळ, वळणावर जास्त बिंदू. बांधासाठी माती काढलेले खड्डे असतील तर प्रत्येकाची कड आणि तळ. आणि सांडव्याचा माथा नीट मोजा, कारण तुमची पूर्ण संचय पातळी तिथूनच ठरते. सांडवा फुटून २० सेंटिमीटर खाली गेला असेल तर वरच्या सगळ्या गणिताला अर्थ नाही, २ हेक्टरवर तोच फरक ४,००० घनमीटरचा. पाणी असेल तर तेवढ्या भागात होडीतून दोरी-वजनाने खोली घेतलेली चालते. ड्रोनला पाण्याखालचं काही दिसत नाही, आणि वेड्या बाभळी माजल्या असतील तर ड्रोन बाभळीचा शेंडा मोजतो. उपग्रहाच्या फुकट उंची-नकाशांवर जाऊ नका. एसआरटीएमचा (अंतराळातून रडारने केलेल्या उंची-मोजणीचा) एक चौकोन ३० मीटरचा, तुमचा अख्खा तलाव बावीस-तेवीस चौकोनांत संपला. शिवाय ते मोजमाप फेब्रुवारी २०००चं. तेव्हा तलावात पाणी असेल तर तळाऐवजी पाण्याचीच पातळी नोंदलेली असणार.

काही बिंदू जीपीएसने घेणार असाल तर उंची कोणती ते बघा. यंत्र मूळ देतं ती इलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली) उंची, आणि आपल्याकडे ती समुद्रसपाटीच्या उंचीपासून कित्येक दहा मीटर वेगळी असते. सगळंच एका पद्धतीचं असेल तर साठवणीच्या हिशेबात बिघडत नाही. अर्धं टोटल स्टेशनचं आणि अर्धं जीपीएसचं एकत्र केलं की तलावात दरी तयार होते. ती निदान डोळ्यांना दिसते. अर्ध्या मीटरचा फरक राहिला तर दिसतही नाही.

नवे बिंदू आले की ब्रेकलाइनसह टीआयएन करा, बुडीत रेषेने कापा (नाहीतर बाहेरचे बिंदू लांब त्रिकोणांनी जोडले जाऊन बांधाच्या पलीकडचा खळगाही तलावात मोजला जातो) आणि तो आकडा द्या. ताळ्यासाठी अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या कंटूरची क्षेत्रफळं काढून जुन्या सूत्राने हातानेही करा: दोन क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज, गुणिले उंचीतलं अंतर, भागिले तीन. दोन्हींत दोन-तीन टक्क्यांवर फरक आला तर कुठेतरी त्रिकोण चुकलाय.

बारवेचं उत्तर: नाही चालणार. वरच्या सगळ्या पद्धती एका जागेला एकच उंची मानतात. बारवेत देवळीच्या वर छत आहे, कमानीखाली पोकळी आहे, भिंती उभ्या आहेत. एकाच जागेला तीन-चार उंच्या. तिथे बिंदूंच्या ढगातून (स्कॅनमधल्या सगळ्या बिंदूंच्या समूहातून) थेट त्रिमितीत पृष्ठभाग बांधावा लागतो. बहुतेकजण २००६ मध्ये आलेली पॉइसन पद्धत वापरतात. मेशलॅब, क्लाउडकम्पेअर या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे, ही दिशा तिला अचूक लागते. उलटी पडली की भिंत आतबाहेर होते. आणि तिला बंद पृष्ठभागच आवडतो, त्यामुळे बारवेच्या उघड्या तोंडावर ती फुगा चढवते. बिंदूंची दाटी कमी असलेला भाग छाटून टाका, फुगा जातो. यापुढचं विचारायचं असेल तर वेगळा प्रश्न टाका, त्यात स्कॅन कशाने केलं तेही लिहा.

राहिला गाळ. काढून झाल्यावर तुम्ही पुन्हा मोजणार आणि दोन पृष्ठभागांची वजाबाकी करणार. दोन्ही वेळा हद्द तीच, पद्धत तीच, ब्रेकलाइन त्याच जातीच्या ठेवा. नाहीतर पद्धतीतला फरक गाळ म्हणून बिलात येतो. टिपरच्या खेपांशी आकडा जुळला नाही म्हणून घाबरू नका, खणलेला गाळ सैल होऊन फुगतो. आणि टीबीएम (पातळी मोजण्याची तात्पुरती संदर्भखूण) सांडव्याच्या काँक्रीट भिंतीवर ऑइल पेंटने मारून ठेवा, वही आणि मोबाइल दोन्हीकडे त्याची पातळी नोंदवा. तलावातल्या एखाद्या मोठ्या दगडावर मारू नका, पोकलेनच्या पहिल्या दिवशीच तो दगड जातो.